दरवाजा यंत्राकडे, पाणीवाटप माणसांकडे

मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी राहुरी, नेवासे ओलांडून शेवगाव तालुक्यात येते. कालव्याच्या शेवटच्या शेतापर्यंत ते पोचणे केवळ उतारावर अवलंबून नसते. वरच्या अंगाचा शेतकरी आणि पाटकरी कसे वागतात, यावरही असते. हे शतकापूर्वी ओळखणारे अभियंते म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी हे त्यांचे जन्मगाव. अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात घेऊन १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, खानदेश, पुणे असा त्यांचा सेवाप्रवास झाला.

पूर वेळकाळ पाहून येत नाही. अशा वेळी दरवाजा उघडण्यात झालेली हयगय धरणाच्या जिवावर बेतू शकते. त्यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये खडकवासल्याला बसविण्यात आले. पाणी ठरावीक पातळीवर चढले की ते आपोआप उघडत, उतरले की मिटत. भिंतीची उंची न वाढविता साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढली.

नीरा कालव्यावरचा पेच मात्र यंत्राने सुटणारा नव्हता. कालव्याच्या मुखाजवळचे बागायतदार उसासाठी वारेमाप पाणी घेत. त्याने जमिनी चिबडत आणि खालची गावे कोरडी राहत. यावर विश्वेश्वरय्यांनी ‘ब्लॉक पद्धत’ सुचविली. पाणी अधिक गावांत विभागायचे. प्रत्येक गावात निचऱ्याची जमीन निवडून तिथेच ते द्यायचे. उसासोबत इतर पिकांचा फेरपालट ठेवायचा. या योजनेला प्रारंभी विरोध झाला. त्यांनी शेतकऱ्यांना ती समजावून दिली, कारण त्यांच्या संमतीवाचून ती कागदावरच राहिली असती.

पुढे त्यांनी म्हैसूरचे मुख्य अभियंता म्हणून कृष्णराजसागराचे काम हाती घेतले आणि १९१२ ते १९१८ या काळात दिवाणपद भूषविले. १९५५ मध्ये त्यांना ‘भारतरत्न’ लाभले. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, ते निवर्तले.

त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपण अभियंता दिन म्हणून पाळतो. महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्याने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सोपविण्याची वाट खुली केली. धरण बांधून काम संपत नाही, पाणी वाटणाऱ्या माणसांचाही आराखडा लागतो, हा विश्वेश्वरय्यांचा धडा शेवगावच्या शेवटच्या चारीवर आजही तितकाच खरा आहे.