फ्लॉरेन्सचा बदनाम चिटणीस

एखाद्या माणसाचें नांव जगाच्या तोंडीं शिवीसारखें रुळावें, आणि त्यानें हयातींत काय केलें हें मात्र शिवी देणारांपैकीं शंभरांत एकासहि ठाऊक नसावें, हा प्रकार निकोलो मॅकिआव्हेली याच्या वांट्यास जितका आला तितका क्वचितच दुसऱ्या कोणाच्या आला असेल. ज्या मुत्सद्द्यानें शब्द मोडला त्यास याचा चेला म्हणावें, आणि न वाचतांच याच्या ग्रंथाचा निषेध करावा, अशी वहिवाटच पडली आहे. आरोपीचें म्हणणें ऐकल्याखेरीज निकाल देऊं नये, असें कायद्याच्या अभ्यासांत आम्हांस शिकविण्यांत आलें. त्या नियमाचा लाभ या गृहस्थासहि मिळावा, एवढीच आमची मागणी आहे.

त्याचा जन्म इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं ३ मे १४६९ रोजीं झाला. बाप कायदा शिकलेला, परंतु घरची स्थिति बेताची. रोमन इतिहासकार लिव्ही याच्या ग्रंथांतील स्थलनामांची सूचि बापानें छापखानेवाल्यास करून दिली, आणि त्या मेहनतीबद्दल ग्रंथाची एक प्रत घरीं आली. मुलाच्या पुढील सर्व विचाराचें बीज याच ग्रंथांत आहे.

फ्लॉरेन्स हें व्यापाऱ्यांचें शहर. लोंकरीचें कापड आणि सावकारी पेढ्या यांवर तें श्रीमंत झालें. नांवाला तेथें लोकसत्ता होती. पण मेडिची नांवाच्या पेढीवाल्या घराण्यानें पैशाच्या व वशिल्याच्या जोरावर ती मुठींत ठेविली होती. सभा भरत, अधिकारी निवडले जात, आणि निवडले कोण जावयाचे हें पेढीवर ठरे. १४९४ सालीं मेडिचींस शहराबाहेर घालविण्यांत आलें. पुढें साव्होनारोला या धर्मोपदेशकाच्या वाणीनें लोक भारले गेले, आणि त्याच लोकांच्या शहरांत १४९८ सालीं त्याला फांशीं देऊन जाळण्यांत आलें. त्यानंतर थोड्याच दिवसांत एकोणतीस वर्षांचा मॅकिआव्हेली चिटणिसाच्या जागेवर नेमला गेला.

चौदा वर्षें त्यानें ही चाकरी इमानानें केली. फ्रान्सचा राजा, पोप, जर्मनीचा बादशहा, यांच्या दरबारीं तो वकील म्हणून गेला. १५०२ सालीं सीझर बोर्जिया याच्या छावणींत असतां त्यानें जें पाहिलें तें तो जन्मभर विसरला नाहीं. बोर्जियानें आपल्या एका क्रूर कारभाऱ्याकडून बंडाळीचा मुलूख वठणीवर आणविला. मग लोकांचा रोष आपणांवर येऊं नये म्हणून त्याच कारभाऱ्याचें दोन तुकडे केलेलें प्रेत एके सकाळीं चेसेना येथील चौकांत मांडून ठेविलें. मॅकिआव्हेलीनें ही हकीकत डोळे न मिटतां लिहिली, व तींतील हिशेबाची वाखाणणी केली. येथें आमचा त्याच्याशीं मतभेद आहे. रोगाचें निदान करणें निराळें, आणि रोगाच्या चलाखीवर लुब्ध होणें निराळें.

परंतु तेवढ्यावर त्यास निकालांत काढतां येत नाहीं. भाडोत्री सैन्याच्या भरंवशावर राहिलेलें राष्ट्र स्वतंत्र राहत नाहीं, हें ओळखून १५०६ सालीं त्यानें आपल्याच मुलखांतील शेतकऱ्यांची फौज उभारली, आणि १५०९ सालीं पिसा शहर परत मिळालें तें या फौजेच्या साहाय्यानें. १५१२ सालीं प्राटो येथें स्पॅनिश सैन्यापुढें हीच फौज पळाली, हेंहि सांगितलें पाहिजे. मेडिची परतले. चिटणिसाची चाकरी गेली. पुढील वर्षीं कटाच्या संशयावरून तुरुंगांत टाकून, हात पाठीशीं बांधून त्याला दोरानें टांगण्यांत आलें. त्यानें कबुली दिली नाहीं.

सुटल्यावर तो शहराजवळील आपल्या शेतावर राहिला. दिवसा गुत्त्यांत खाटीक व भट्टीवाले यांच्याशीं पत्ते खेळावे, हमरीतुमरीवर यावें. सायंकाळीं चिखलाचे कपडे उतरवून दरबारी पोषाख चढवावा आणि प्राचीनांचे ग्रंथ घेऊन बसावें, असा क्रम असे. १५१३ सालीं 'राजा' हें चिमुकलें पुस्तक तयार झालें. तें त्यानें मेडिचींसच अर्पण केलें. नोकरीची आशा त्यांत होती, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. आपल्याकडे कौटिल्याचें अर्थशास्त्र १९०९ सालीं छापून निघाल्यावर त्यास हिंदुस्थानचा मॅकिआव्हेली म्हणूं लागले. हजाराहून अधिक वर्षांनीं वडील असलेल्यास नातवाचें नांव देण्यासारखेंच हें झालें!

त्याचा खरा ग्रंथ म्हणजे लिव्हीवरील विवेचन, आणि तो वाचणारे थोडे. माणूस स्वभावतः स्वार्थी व विसराळू आहे, हें तेथेंहि तो गृहीत धरतो. पण त्यावरून कायद्याची गरज सिद्ध करतो, जुलमाची नव्हे. सरदार व सामान्य जन यांच्या भांडणानें रोम बुडालें नाहीं, उलट त्यांतूनच स्वातंत्र्यरक्षक कायदे निघाले, असें तो दाखवितो. आरोप आणि निंदा यांतील त्यानें केलेला भेद तर आमच्या मतें अमोल आहे. मॅनलियस नांवाच्या रोमन पुढाऱ्यानें सरदारांनीं सार्वजनिक धन दडविल्याची आवई उठविली. अधिकाऱ्यानें त्यास भरसभेंत विचारलें कीं, तें धन कोणापाशीं आहे तें सांग. त्यास सांगतां आलें नाहीं. तो कैदेंत गेला. आरोप साक्षीपुराव्यानिशीं न्यायासनापुढें करण्याची वाट प्रत्येकास मोकळी असावी, आणि चव्हाट्यावरील कुजबुजीस शिक्षा असावी; ज्या शहरीं पहिली वाट बंद असते तेथें दुसरी वाढते, आणि फ्लॉरेन्सचा नाश तिनेंच केला, असें त्याचें म्हणणें. नगरपालिकेच्या ठेक्याविषयीं दुकानाच्या ओट्यावर बोलणारे आणि हिशेब तपासण्याच्या वेळीं घरीं बसणारे आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. वर्तमानपत्रकारांच्या धंद्यासहि हें लागू आहे, हें कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

१५२७ च्या मे महिन्यांत मेडिची पुन्हां हांकलले गेले व लोकसत्ता आली. मॅकिआव्हेलीस जुनी जागा मिळाली नाहीं. मेडिचींच्या पगारावर फ्लॉरेन्सचा इतिहास लिहिणारा म्हणून लोकपक्षास त्याचा विश्वास नव्हता. २१ जून रोजीं तो वारला. 'राजा' १५३२ सालीं रोममध्यें पोपच्या परवानगीनें छापला गेला, आणि १५५९ सालीं पोपच्याच आज्ञेनें निषिद्ध ग्रंथांच्या यादींत गेला.