एन्कोसी जॉन्सन : गरोदर मातांसाठी औषध मागणारा मुलगा

दक्षिण आफ्रिकेतील एड्सविरोधी लढ्याचा इतिहास लिहिताना डॉक्टर, वकील आणि राजकारणी यांच्या आधी एका शाळकरी मुलाचे नाव घ्यावे लागते. एन्कोसी जॉन्सन हे ते नाव. ४ फेब्रुवारी १९८९ रोजी जन्मलेल्या एन्कोसीला एचआयव्हीची लागण आईकडून, जन्मतःच झाली होती. हा संसर्ग गर्भारपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा स्तनपानातून होतो. उपचार न मिळाल्यास अशा मातांच्या शंभर बाळांपैकी पंधरा ते पंचेचाळीस बाळांना तो गाठतो आणि बाधित बाळांपैकी निम्म्याहून अधिक दुसरा वाढदिवसही पाहत नाहीत. एन्कोसी बारा वर्षे जगला.

त्याची आई गरीब होती, स्वतः बाधित होती. आजारापेक्षा तिला धास्ती होती ती वस्तीची. शेजाऱ्यांना कळले तर मायलेकांना हाकलून देतील, ही भीती निराधार नव्हती. जोहान्सबर्गमधील ज्या शुश्रूषा केंद्रात ती दोघे आश्रयाला आली, तेही पैशाअभावी बंद पडले. तेव्हा तेथे सेवाकार्य करणाऱ्या गेल जॉन्सन यांनी आईच्या संमतीने एन्कोसीला आपल्या घरी नेले. वर्णभेदाची राजवट अद्याप पुरती संपलेली नसताना एका गोऱ्या स्त्रीने काळ्या मुलाला मांडीवर घेतले, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले.

१९९७ मध्ये गेल यांनी त्याच्या शाळाप्रवेशाच्या अर्जात आजार लपवला नाही. पालकांत फूट पडली, प्रकरण देशभर गाजले. अखेर प्रवेश मिळाला आणि बाधित मुलांशी भेदभाव न करण्याचे धोरण शासनाला आखावे लागले. त्याच वर्षी त्याची आई वारली. मायलेकरांची ताटातूट इतरांच्या वाट्याला येऊ नये, म्हणून १९९९ मध्ये बाधित माता आणि त्यांची मुले यांना एकत्र राहता यावे असे ‘एन्कोसीज हेवन’ हे निवासगृह सुरू झाले.

गर्भवतींना एझेडटी हे औषध दिल्यास बाळाचा धोका सुमारे दोन-तृतीयांशाने कमी होतो, हे १९९४ मध्येच सिद्ध झाले होते. १९९९ मध्ये युगांडातील संशोधनाने त्याहून स्वस्त मार्ग दाखवला : प्रसूतिवेदना सुरू होताच मातेला नेव्हिरापीनची एक गोळी आणि जन्मानंतर तीन दिवसांच्या आत बाळाला एक मात्रा. तरीही अध्यक्ष थाबो एम्बेकी यांना एचआयव्हीमुळे एड्स होतो, या मूळ गोष्टीविषयीच शंका होती. त्या शंकेची किंमत नवजात बालके मोजत होती.

जुलै २००० मध्ये डर्बन येथे तेरावी आंतरराष्ट्रीय एड्स परिषद भरली. उद्घाटनाच्या समारंभात अंगाला ढगळ होणारा सूट घातलेला अकरा वर्षांचा एन्कोसी हजारो प्रतिनिधींसमोर उभा राहिला. गर्भवतींना एझेडटी द्या, एवढीच त्याची सरकारकडे मागणी होती. शिवाय आमच्या स्पर्शाला भिऊ नका, ही सर्वांना विनंती. भाषण संपण्याआधीच एम्बेकी निघून गेल्याच्या बातम्या दुसऱ्या दिवशी छापून आल्या. इतक्या आजारी मुलाला व्यासपीठावर उभे करावे का, हा प्रश्न रास्तच आहे. पण ज्या औषधाचा त्याला स्वतःला काडीचाही उपयोग नव्हता, ते तो इतरांसाठी मागत होता, हेही विसरता येत नाही.

वर्षअखेरीस तो कोसळला आणि १ जून २००१ रोजी त्याचे निधन झाले. नेव्हिरापीन तेव्हाही प्रत्येक प्रांतातील दोनच प्रायोगिक केंद्रांपुरते मर्यादित होते. ‘ट्रीटमेंट अॅक्शन कॅम्पेन’ ही संघटना न्यायालयात गेली. जुलै २००२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ही मर्यादा उठवण्याचा आदेश सरकारला दिला.

औषध दवाखान्यात आले, तरी ते घेण्यासाठी बाईने आधी तपासणीला तयार व्हायला हवे. एन्कोसीच्या आईला वाटणारी वस्तीची भीती इथेही आड येत होती. २००१ मध्ये केप टाऊनमध्ये डॉ. मिच बेसर यांनी ‘मदर्स टू मदर्स’ हा उपक्रम सुरू केला. या वाटेवरून स्वतः गेलेल्या बाधित माताच त्यात प्रशिक्षण घेऊन, पगारावर, इतर गर्भवतींना समजावतात. गोळी चुकवू नको, बाळाची तपासणी करून घे, नवऱ्याला कसे सांगायचे ते आपण मिळून ठरवू, असे सांगणाऱ्या या बायका पुढे दवाखान्याच्या भिंतीबाहेर पडून घरोघरी जाऊ लागल्या.