हेलियमचा शोध खरंच विजयदुर्गावर लागला होता का? वाचा लॉकियर साहेबाची गोष्ट

१८ ऑगस्ट जवळ आला की एक फॉरवर्ड फिरू लागतो. १८६८ साली नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला, असं त्यात म्हटलेलं असतं. लॉकियर विजयदुर्गला आले होते हे खरं आहे, पण त्यानंतर तब्बल ३० वर्षांनी!

मग नेमकं काय घडलं होतं?

लॉकियर यांचा जन्म १७ मे १८३६ चा, इंग्लंडमधल्या रग्बी गावातला. नोकरी युद्ध खात्यात कारकुनाची, नाद मात्र आकाशाचा. तापलेला वायू ठरावीक रंगांचाच प्रकाश देतो. स्पेक्ट्रोस्कोपमधून त्या रंगांच्या रेषा दिसतात आणि त्यावरून वायू ओळखता येतो. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा या उपकरणातून ग्रहणाशिवायही दिसतील, असं लॉकियर यांना वाटत होतं. पण मागवलेलं उपकरण हातात पडायला ऑक्टोबर १८६८ उजाडला.

त्याआधीच, १८ ऑगस्टच्या ग्रहणावेळी, फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांना आंध्रातल्या गुंटूरमध्ये हीच युक्ती सापडली होती. लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये बसून ते साधलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचली. पुढे फ्रान्सने दोघांचेही चेहरे असलेलं पदक काढलं.

लॉकियर यांना एक पिवळी रेषाही दिसली होती. ती सोडियमच्या रेषांजवळ होती, पण सोडियमची नव्हती. ती कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना. हे नवं मूलद्रव्य असावं, असं त्यांनी मांडलं. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटलं गेलं. अनेक शास्त्रज्ञांना मात्र ते पटलं नाही.

१८६९ मध्ये लॉकियर यांनी 'नेचर' हे विज्ञान साप्ताहिक सुरू केलं आणि ५० वर्षं चालवलं. अखेर १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांना युरेनियमच्या खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा सापडली. २७ वर्षांनी लॉकियर खरे ठरले.

२२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी ते विजयदुर्गला आले. मदतीला ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी होते. किल्ल्यावरचे चौथरे आजही 'साहेबाचे ओटे' म्हणून ओळखले जातात. १६ ऑगस्ट १९२० रोजी लॉकियर यांचं निधन झालं.

आज शास्त्रज्ञ हेलियमच्या अतिथंड थेंबांमध्ये वायूंचे छोटे रेणू ठेवतात. एकमेकांना अगदी सैल धरून राहिलेल्या या रेणूंच्या जोड्या एरवी लगेच सुटतात. थेंबात त्या टिकतात आणि स्पेक्ट्रोस्कोपीने अभ्यासता येतात. ज्या तंत्राने हेलियम सापडला, त्याच तंत्राला आता हेलियमची मदत होते.

त्यामुळे यंदा तो फॉरवर्ड आला, तर तारीख नक्की दुरुस्त करा.