एडगर कॉड: मावशीच्या वेबसाइटमागचा माणूस

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी गुहागरच्या मावशीसाठी वेबसाइट बनवली होती. तिच्या घरी वरच्या मजल्यावर पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. साइट म्हणजे पाच पानं, साधं एचटीएमएल, आणि खोल्यांचे दर थेट फाइलमध्ये टाइप केलेले. मे महिना जवळ आला की मावशीचा फोन यायचा, दर बदल म्हणून. दिवाळीच्या आधी पुन्हा फोन. माझी परीक्षा चालू असली तर जुनाच दर साइटवर राहायचा आणि पाहुणे मोबाइल पुढे करून तिच्याशी हुज्जत घालायचे. घर तिचं, खोल्या तिच्या, दरही तिनेच ठरवलेला; पण तो आकडा बदलायची किल्ली मात्र पुण्यात हॉस्टेलवर बसलेल्या भाचीकडे.

पुढे मी तीच साइट वर्डप्रेसवर नेली. लॉगिन कर, पान उघड, आकडा बदल, अपडेट दाब. एका दुपारी शिकवलं, आणि त्यानंतर दरासाठी तिचा फोन आला नाही.

मावशीला वाटतं की ती पान बदलते. खरं तर सर्व्हरवर तसं पान नावाची फाइलच नसते. मजकूर डेटाबेसमधल्या एका टेबलात एका ओळीत पडलेला असतो. कुणी साइट उघडली की वर्डप्रेस ती ओळ मागवतं, थीमच्या साच्यात ओततं आणि ब्राउझरकडे पाठवतं. अपडेट बटण दाबलं की एसक्यूएलचं एक वाक्य तयार होतं: अमुक टेबलात, अमुक क्रमांकाच्या ओळीत, हा नवा मजकूर ठेव. तो मजकूर डिस्कवर नेमका कुठे आहे हे त्या वाक्यात नसतं. वर्डप्रेसलाही ते माहीत नसतं. आपल्याला आज यात काही विशेष वाटत नाही, पण ही सोय कुणीतरी आधी मांडली आणि तिच्यासाठी बरीच वर्षं स्वतःच्याच कंपनीशी झगडला. त्याचं नाव एडगर फ्रँक कॉड. मी डीबीएमएसच्या पेपरसाठी त्याचे बारा नियम पाठ केले होते, पण कॉड हा कोण माणूस आहे हे विचारायचं सुचलं नव्हतं.

वैमानिक, सेल्समन, प्रोग्रॅमर

कॉडचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंड बेटावरचा. वडिलांचा चामड्याचा व्यवसाय, आई शिक्षिका, सात भावंडांत हा धाकटा. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकत असताना दुसरं महायुद्ध आलं. विद्यार्थी म्हणून त्याला सैन्यात जाणं टाळता आलं असतं, पण तो रॉयल एअर फोर्समध्ये गेला आणि समुद्रावर गस्त घालणारी सन्दरलँड विमानं त्याने उडवली. युद्धानंतर पदवी पुरी करून १९४८ मध्ये तो न्यूयॉर्कला आला. तिथे काही काळ मेसीज या मोठ्या दुकानात पुरुषांच्या खेळाच्या कपड्यांच्या काउंटरवर विक्रेता होता. मग थोडे महिने टेनेसीत गणित शिकवलं आणि १९४९ मध्ये आयबीएममध्ये प्रोग्रॅमर म्हणून लागला.

१९५३ मध्ये त्याने अमेरिका सोडली. सिनेटर मॅकार्थी तेव्हा कम्युनिस्ट शोधून काढण्याच्या नावाखाली लोकांच्या मागे लागला होता, आणि कॉडला ते सहन झालं नाही. तो कॅनडात ओटावाला गेला आणि १९५७ मध्ये परत आयबीएममध्ये आला. आल्यावर त्याने स्ट्रेच या महासंगणकावर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालवण्याच्या कामात मोठा वाटा उचलला. एवढं झाल्यावर चाळिशीत मिशिगन विद्यापीठात जाऊन पीएचडी केली, तीही डेटाबेसवर नाही. जॉन फॉन नॉयमनने स्वतःची प्रत काढणाऱ्या यंत्राचा एक गणिती नमुना मांडला होता, ज्यात प्रत्येक पेशीला २९ अवस्था लागत. कॉडने ते ८ अवस्थांत होतं हे दाखवलं. आहे त्याच्यापेक्षा कमी सामानात काम भागतं का, हा प्रश्न त्याला आयुष्यभर पडत राहिलेला दिसतो.

माहितीपर्यंतची वाट

पीएचडीनंतर तो कॅलिफोर्नियात, आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत आला. तेव्हा डेटाबेस कसे असत हे समजून घेतल्याशिवाय त्याने काय केलं ते कळणार नाही.

आयबीएमचं त्या काळातलं मोठं उत्पादन म्हणजे आयएमएस. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या अपोलो मोहिमेतल्या यानाच्या असंख्य भागांची यादी सांभाळायला ते जन्माला आलं. त्यात माहिती झाडासारखी ठेवलेली असे. मावशीचंच उदाहरण घेऊ. वर खोली, खोलीखाली तिची बुकिंग, बुकिंगखाली पाहुणे. एक नंबरच्या खोलीत मे महिन्यात कोण राहिलं, हे झटकन सापडतं. पण नाशिकचं अमुक कुटुंब आजवर किती वेळा आलं? आता प्रत्येक खोलीच्या फांदीवर चढायचं, प्रत्येक बुकिंग उघडायचं, पाहुणे बघायचे, परत खाली यायचं. त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लिहायला लागतो. उद्या कुणी रचना बदलली, पाहुणे वर आणि खोल्या खाली घेतल्या, तर आधीचे प्रोग्रॅम बंद पडतात. म्हणजे माहिती मालकाची असली तरी तिच्यापर्यंत जायची वाट फक्त प्रोग्रॅमरला ठाऊक, आणि प्रत्येक नव्या प्रश्नासाठी त्याच्या दारात उभं राहायचं. माझ्या एचटीएमएलच्या साइटवर मावशीचं नेमकं हेच होत होतं.

कॉडने आपला विचार आधी १९६९ मध्ये आयबीएमच्या अंतर्गत अहवालात मांडला आणि जून १९७० मध्ये तो एका मोठ्या संगणक नियतकालिकात शोधनिबंध म्हणून आला. निबंधाची सुरुवातच वापरणाऱ्यापासून होते. मोठ्या माहितीसाठ्याचा वापर करणाऱ्याला यंत्राच्या आत ती माहिती कशी रचली आहे हे माहीत असण्याची गरजच पडू नये, असं त्याचं म्हणणं. त्याचा उपाय गणितातून आला: सगळं साध्या टेबलांत ठेवा. खोल्यांचं एक टेबल, पाहुण्यांचं एक, बुकिंगचं एक. बुकिंगच्या ओळीत खोलीचा क्रमांक आणि पाहुण्याचा क्रमांक. कुठलीही वाट आधी आखलेली नाही. जो प्रश्न पडेल त्याप्रमाणे क्रमांक जुळवायचे आणि उत्तर काढायचं. काय हवं तेवढं माणसाने सांगायचं, कसं शोधायचं ते मशीनने बघायचं.

ऐकायला सोपं आहे. पण तेव्हाच्या मशीनवर हे वेगाने चालेल यावर फार कमी जणांचा विश्वास होता, आणि आयबीएमला तर आयएमएसमधून चांगला पैसा मिळत होता. आपलंच चालतं दुकान मोडणारी कल्पना उचलून धरायची कंपनीला घाई नव्हती. बाहेरही विरोध होता. चार्ल्स बाखमन या दुसऱ्या मोठ्या डेटाबेस तज्ज्ञाला १९७३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हा त्याच्या भाषणाचा विषय होता प्रोग्रॅमर म्हणजे नावाड्या, माहितीच्या समुद्रात वाट काढणारा. १९७४ मध्ये ॲन आर्बरला दोन्ही बाजूंची जाहीर वादसभा झाली. एका बाजूला नावाडी हवाच म्हणणारे, दुसऱ्या बाजूला प्रवाशाने फक्त गावाचं नाव सांगावं म्हणणारा कॉड. युद्धात समुद्रावर विमान उडवलेला माणूस या बाजूला होता, याची मला गंमत वाटते.

वादसभेने फारसं काही ठरलं नाही. ठरलं ते कोडमुळे. आयबीएममध्ये सिस्टीम आर हा प्रकल्प सुरू झाला. तिथे डॉन चेंबरलिन आणि रे बॉइस यांनी कॉडच्या गणिती चिन्हांऐवजी साध्या इंग्रजी शब्दांची सीक्वेल ही भाषा बनवली. ते नाव दुसऱ्या कंपनीचं ट्रेडमार्क निघाल्यामुळे पुढे एसक्यूएल झालं. (म्हणून आपले सीनियर अजूनही सीक्वेल म्हणतात.) बर्कलीत मायकेल स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग यांनी इंग्रेस बनवलं. लॅरी एलिसनच्या छोट्या कंपनीने आयबीएमचे छापील निबंध वाचून १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आणलंसुद्धा. आयबीएमचं स्वतःचं एसक्यूएल उत्पादन यायला १९८१ उजाडलं.

मुळात हवं होतं ते वेगळंच

आमच्या पाठ्यपुस्तकात हा भाग नव्हता, आणि माझ्या मते कॉड समजायचा तर हाच महत्त्वाचा. एसक्यूएल त्याने बनवली नाही आणि ती त्याला फारशी आवडलीही नाही. टेबलात एकसारख्या दोन ओळी चालवून घेणं त्याला मुळातच चूक वाटत होतं. सिस्टीम आरची मंडळी भाषा घडवत होती तेव्हा तो दुसऱ्याच कामात गुंतला होता. त्या कामाचं नाव रॉंदेव्हू, म्हणजे ठरवून घेतलेली भेट.

भेट कुणाशी? ज्याला कॉम्प्युटर येत नाही, शिकायचाही नाही, पण अधूनमधून माहिती हवी असते अशा माणसाशी. त्याने साध्या इंग्रजीत प्रश्न टाइप करायचा. प्रश्न अर्धवट असेल, स्पेलिंग चुकलं असेल, तरी मशीनने एररचा मेसेज फेकून गप्प बसायचं नाही. उलट प्रश्न विचारायचा. जे समजलं ते स्वतःच्या शब्दांत परत सांगून तुम्हाला हेच हवं आहे ना अशी खात्री करून घ्यायची. आणि तरीही जमलं नाही, तर शेवटचा उपाय म्हणून पर्यायांची यादी पुढे करायची: यातलं एक निवडा. १९७४ च्या निबंधात त्याने हे सगळे टप्पे मांडले आणि पुढे त्याच्या गटाने एक चालणारी आवृत्तीही बनवली. पण १९७० च्या दशकातल्या मशीनला माणसाचं बोलणं पेलणारं नव्हतं. रॉंदेव्हू बाजारात कधी आलं नाही.

मला यात एक गोष्ट फार लक्षणीय वाटते. कॉडने शेवटचा उपाय म्हणून जो ठेवला होता, तोच पुढे राजमार्ग झाला. मावशी वर्डप्रेसमध्ये काय करते? चौकोनात आकडा भरते, यादीतून वर्ग निवडते, बटण दाबते. वाक्य जुळवायचं काम फॉर्म करतो. गंमत म्हणजे एसक्यूएल ही भाषा बनवताना चेंबरलिन आणि बॉइस यांनाही वाटत होतं की प्रोग्रॅमर नसलेले लोक ती वापरतील. प्रत्यक्षात ती आमचीच भाषा झाली, मुलाखतीत विचारली जाणारी.

पुढचा काळ थोडक्यात. १९८१ मध्ये कॉडला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ मध्ये त्याने आयबीएम सोडलं आणि ख्रिस डेट वगैरे मंडळींबरोबर सल्लागार म्हणून काम सुरू केलं. तोवर जुन्याच डेटाबेसवर रिलेशनल असं लेबल चिकटवून विकणाऱ्या कंपन्या वाढल्या होत्या, म्हणून १९८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध बारा नियम लिहिले. (मोजले तर तेरा आहेत, शून्यापासून सुरू होतात. परीक्षेत यावर माझा एक मार्क गेला आहे.) त्या वेळच्या एकाही उत्पादनाला सगळे नियम पाळता आले नाहीत. १९९३ मध्ये विश्लेषणाच्या डेटाबेससाठी त्याने असेच आणखी बारा नियम काढले. पण त्या कामाचे पैसे अशाच उत्पादनाच्या कंपनीने दिल्याचं बाहेर आलं आणि त्याच्या नावाला थोडा बट्टा लागला. आयुष्यभर विक्रेत्यांच्या लेबलांवर टीका करणाऱ्याकडून हे व्हायला नको होतं.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात हृदयक्रिया बंद पडून कॉड गेला. वय ७९. त्यानंतर ३९ दिवसांनी, २७ मे २००३ ला, मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्या खाली होता मायएसक्यूएल हा रिलेशनल डेटाबेस.

कॉडने वर्डप्रेसची टेबलं पाहिली असती तर तो चिडलाच असता. त्याचा अगदी पहिला नियम, एका खान्यात एकच किंमत. वर्डप्रेसमध्ये पोस्टमेटा नावाचं एक टेबल आहे, त्यात कुठल्याही प्लगइनने काहीही कोंबावं: दर, फोटोची मापं, कधीकधी पूर्ण यादी एका लांबलचक मजकुरात गुंडाळून, प्रत्येक शब्दाच्या आधी त्याची लांबी लिहून. मालकाला नवा रकाना हवा असेल तर टेबलाची रचना न बदलता तो लगेच मिळतो, म्हणून ही तडजोड. मावशीला जेवणाची वेळ असा एक रकाना हवा होता, तो दहा मिनिटांत झाला. कॉडच्या पद्धतीने केला असता तर मला नवा कॉलम, नवा फॉर्म असं सगळं लिहावं लागलं असतं, आणि मावशी पुन्हा माझ्या फोनची वाट बघत बसली असती.

त्या तडजोडीची किंमत मी गेल्या वर्षी मोजली. साइटचा पत्ता बदलताना मी डेटाबेसमध्ये जुन्या नावाच्या जागी नवं नाव सरसकट बदललं. नवं नाव तीन अक्षरांनी मोठं होतं. गुंडाळलेल्या मजकुरातल्या लांब्या चुकल्या आणि फोटोंची गॅलरी गायब झाली. रात्री दीडला बॅकअप परत चढवला, मग लांब्या सांभाळून बदल करणारं टूल वापरून तेच काम पुन्हा केलं. सकाळी पाहिलं तर गॅलरी जागेवर होती आणि मधल्या वेळात मावशीने दोन खोल्यांचा दर वाढवून ठेवला होता.