पॅट्रिक गेडिस

सर पॅट्रिक गेडिस (२ ऑक्टोबर १८५४ – १७ एप्रिल १९३२) हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार होते. आधुनिक नगररचनाशास्त्राच्या प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते. १९१४ ते १९२४ या काळातील बराचसा वेळ त्यांनी भारतात घालवला आणि येथील अनेक नगरांच्या भूवापर, रस्ते व मलनिस्सारण या प्रश्नांवर अहवाल लिहिले. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र विभागाचे ते पहिले प्राध्यापक होते.

प्रारंभिक जीवन

गेडिस यांचा जन्म स्कॉटलंडमधील बॅलटर येथे झाला व बालपण पर्थ येथे गेले. लंडन येथे टी. एच. हक्सले यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचे अध्ययन केले. १८७९ मध्ये मेक्सिकोत संशोधन करीत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. पुढे ती परत आली, तरी सूक्ष्मदर्शकाखालील काम त्यांना पूर्वीसारखे करता आले नाही. त्यानंतर त्यांचे लक्ष हळूहळू मानवी समाज व नगरे यांकडे वळले. १८८८ ते १९१९ या काळात ते डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते.

एडिनबरा येथील कार्य

१८८६ मध्ये त्यांचा विवाह ॲना मॉर्टन यांच्याशी झाला. त्यानंतर हे दांपत्य एडिनबराच्या जुन्या भागातील जेम्स कोर्ट या दाटीवाटीच्या व अस्वच्छ वस्तीत राहावयास गेले. वस्ती पाडून टाकण्याऐवजी तेथील रहिवाशांच्या साहाय्याने घरांची दुरुस्ती, रंगरंगोटी आणि मोकळ्या जागांवर बागा असा उपक्रम त्यांनी हाती घेतला. नगराचे अवलोकन आधी आणि आराखडा नंतर, हे त्यांच्या विचारांचे सूत्र येथेच आकाराला आले. १९१५ मध्ये त्यांचा ‘सिटीज इन इव्होल्यूशन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

भारतातील आगमन

मद्रास इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून गेडिस १९१४ मध्ये भारतात आले. त्यांचे नगररचनाविषयक प्रदर्शन घेऊन येणारे जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवले. मित्रांच्या मदतीने नवे साहित्य जमवून त्यांनी मद्रास येथे प्रदर्शन भरवले. मुंबई इलाख्यात १९१५ मध्ये भारतातील पहिला नगररचना अधिनियम संमत झाला. त्याच सुमारास या इलाख्यातील सहा नगरांविषयी त्यांनी अहवाल सादर केले.

रोगराई हटविण्यासाठी जुन्या वस्तीतून सरळ व रुंद रस्ते काढावेत, अशी त्या वेळच्या अनेक नगरपालिकांची व अभियंत्यांची धारणा होती. गेडिस यांनी तिला विरोध केला. अशा योजनांमुळे गरीब कुटुंबे बेघर होतात, ती शेजारच्या वस्तीत आश्रय घेतात आणि तेथील गर्दी वाढून रोग अधिकच बळावतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. मोडकळीस आलेली मोजकी घरे हटवणे, विहिरी व तलाव स्वच्छ करणे, झाडे लावणे आणि गल्लीबोळ शक्यतो तसेच ठेवणे, असा पर्याय त्यांनी सुचवला. शल्यचिकित्सकाने निरोगी भाग राखून रोगट भागच काढावा, तशी ही पद्धत होती.

१९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी शोकाचे ठरले. ज्येष्ठ पुत्र ॲलस्डेर पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये मारला गेला. ॲना त्या वेळी आजारी असल्याने ही बातमी त्यांच्यापासून लपवून ठेवण्यात आली. त्याच वर्षी त्यांचेही कलकत्त्यात निधन झाले.

इंदूर अहवाल

१९१८ मध्ये होळकर दरबारासाठी गेडिस यांनी दोन खंडांचा अहवाल तयार केला. भारतातील त्यांच्या अहवालांमध्ये तो सर्वांत विस्तृत मानला जातो. त्यात त्यांनी पाश्चात्त्य पद्धतीच्या खर्चिक भुयारी गटार योजनेची कठोर चिकित्सा केली. या पद्धतीला भरपूर पाणी व मोठे भांडवल लागते, मैला नदीकडे वाहून जातो आणि जमिनीला मिळू शकणारे खत वाया जाते, असे आक्षेप त्यांनी घेतले. सांडपाणी व मैला बागा आणि शेतीसाठी वापरावा, खान व सरस्वती या नद्यांचे काठ स्वच्छ करून तेथे उद्याने करावीत, असे त्यांनी सुचवले. अशा रीतीने मलनिस्सारण व भूवापर यांचा विचार त्यांनी एकत्रच केला.

इंदूर मुक्कामातील एक प्रसंग त्यांच्या चरित्रांत सांगितला जातो. प्लेगचे भय असताना त्यांनी दिवाळीची मिरवणूक योजली आणि जे रस्ते सर्वांत स्वच्छ असतील तेथूनच ती जाईल, असे जाहीर केले. आपल्या रस्त्याने मिरवणूक जावी म्हणून रहिवाशांनी घरे व गल्ल्या झाडून काढल्या. मिरवणुकीत प्लेगचे प्रतीक म्हणून उंदराची भव्य प्रतिमाही होती.

उत्तरायुष्य

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभाग सुरू झाला व गेडिस त्याचे प्रमुख झाले. गो. स. घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी होते आणि पुढे त्यांनीच हा विभाग सांभाळला. १९२० मध्ये गेडिस यांनी जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र प्रसिद्ध केले. भारत सोडल्यावर ते फ्रान्समधील माँपेलिए येथे स्थायिक झाले. १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीव नगराचा आराखडा तयार केला. १९३२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला व त्याच वर्षी माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

गेडिस यांच्या भारतातील बहुतेक शिफारशी पूर्णपणे अमलात आल्या नाहीत. तथापि रहिवाशांना न हटवता जुन्या वस्त्यांची सुधारणा करणे, सांडपाण्याचा पुनर्वापर आणि आराखड्यापूर्वी स्थानिक सर्वेक्षण, हे त्यांनी मांडलेले विषय नगररचनेच्या चर्चेत आजही महत्त्वाचे आहेत. अमेरिकन विचारवंत लुईस ममफर्ड यांच्या लेखनावर त्यांचा मोठा प्रभाव आहे.