एकाच पेशीतून बिअर घडविणारे हान्सेन

बव्हेरियातील गव्हाच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा गंध असतो, पिल्सनर स्वच्छ व कडसर लागते, तर ब्रुसेल्सच्या परिसरातील लांबिक चक्क आंबट असते. या फरकांत माल्ट व हॉप्स यांचा वाटा आहेच. परंतु केळे, लवंग आणि आंबटपणा ही करणी किण्वाची, म्हणजे यीस्टची, आणि त्याच्या सोबतच्या सूक्ष्मजीवांची. या अदृश्य कारागिराला प्रथम वेगळे काढून कामाला लावले ते एमिल क्रिस्टियन हान्सेन यांनी.

डेन्मार्कमधील रीबे येथे ८ मे १८४२ रोजी गरीब घरात जन्मलेले हान्सेन तरुणपणी घरे रंगविण्याचे काम करीत. कादंबऱ्या लिहून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागविला. शेणावर उगवणाऱ्या बुरशींवरील निबंधासाठी त्यांना १८७६ साली कोपनहेगन विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळाले. त्याच सुमारास डार्विन यांच्या बीगल जहाजावरील प्रवासवृत्ताचा डॅनिश अनुवादही त्यांनी एका सहकाऱ्यासमवेत केला.

१८७९ मध्ये ते कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील शरीरक्रियाविज्ञान विभागाचे प्रमुख झाले. कार्ल्सबर्गचे संस्थापक जे. सी. याकोबसेन यांनी १८४५ साली म्युनिकहून किण्व आणले होते. घरोघरी जसे आदल्या दिवशीच्या दह्याचे विरजण लावतात, तसे जुन्या घाण्यातील किण्व नव्या घाण्यात घालण्याचा प्रघात होता. त्यात एकदा दोष शिरला, की तो पुढच्या प्रत्येक घाण्यात उतरे. याच कार्ल्सबर्गची बिअर कडवट आणि दुर्गंधीयुक्त होऊ लागली, तेव्हा साऱ्या व्यवसायाची पत पणाला लागली.

अशा बिघाडास जिवाणू जबाबदार असतात, ही लुई पाश्चर यांची शिकवण सर्वमान्य होती. हान्सेन यांनी दाखवून दिले, की खुद्द किण्वातच रानटी जाती मिसळलेल्या असतात. ज्या किण्वावर कारखाना उभा, तेच अशुद्ध आहे हे याकोबसेन यांना सहजी पटले नाही. हान्सेन यांनी मिश्रण विरळ करीत करीत एकेक पेशी अलग केली, तिच्यापासून शुद्ध वाण वाढविले आणि त्यांतील एक निवडले. नोव्हेंबर १८८३ मध्ये ते प्रत्यक्ष उत्पादनात वापरले गेले. याकोबसेन यांचे मोठेपण असे, की हे किण्व त्यांनी गुपित न ठेवता इतर उत्पादकांना मुक्तपणे दिले. देशोदेशीची लागर भरवशाची झाली. मात्र तिच्या चवीही एकमेकींच्या जवळ आल्या, हेही नमूद केले पाहिजे.

इंग्लंडमधील उत्पादक या पद्धतीविषयी साशंकच राहिले. पिंपांत दीर्घकाळ मुरणाऱ्या त्यांच्या एलला एकाच शुद्ध वाणाने अपेक्षित चव येत नसे. त्यांची शंका निराधार नव्हती, हे १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्याच एन. हेल्टे क्लाउसेन यांनी सिद्ध केले. त्या मुरलेल्या चवीमागे त्यांना वेगळेच किण्व सापडले आणि ब्रिटनवरूनच त्यांनी त्याचे ब्रेटानोमायसीस असे नामकरण केले. लांबिकच्या स्वादातही त्याचा मोठा हात असल्याचे पुढे दिसून आले.

हान्सेन यांचे २७ ऑगस्ट १९०९ रोजी निधन झाले. बहुतेक कारखाने ज्या रानटी किण्वाला आजही दाराबाहेर ठेवतात, तेच अनेक क्राफ्ट उत्पादक मुद्दाम पिंपात सोडतात. आणि तेही हान्सेन यांच्या परंपरेतील शुद्ध वाण म्हणून, प्रयोगशाळेतून मागवून.