दादोबा पांडुरंग आणि शब्दांच्या जाती

मराठी व्याकरणाचे पाणिनी म्हणून गौरविले गेलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचा जन्म १८१४ साली मुंबईत झाला. संस्कृत व इंग्रजी या दोन्ही भाषांचा व्यासंग करून ऐन बाविशीत, १८३६ साली, त्यांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले.

त्यांच्यापुढील प्रश्न बिकट होता. यास्काचार्यांनी पदांचे नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे चार भेद केले. पाणिनींनी सुबन्त व तिङन्त असे दोनच. इंग्रजी व्याकरणात 'ए', 'द' या उपपदांसह नऊ जाती होत्या. मराठीने कोणाचे माप घ्यावे? दादोबांनी इंग्रजी वळण स्वीकारले. परंतु मराठीत नसलेले उपपद गाळून आठच जाती ठेविल्या.

तथापि त्या मापात मराठी पुरती मावली नाही. संस्कृतात विशेषण नामाप्रमाणेच चालते. मराठीत 'चांगला' लिंगवचनानुसार बदलतो, 'लाल' मात्र तसाच राहतो. बुलढाण्याकडील वऱ्हाडी बोलीत 'तो जाऊन राहिला' म्हणजे तो जात आहे; तेथे 'राहणे' आपला मूळ अर्थ सोडून दुसऱ्या क्रियापदाचे साहाय्य करते. पुढे मोरो केशव दामले यांनी १९११ साली या विभागणीची पुन्हा कसून चिकित्सा केली.

दादोबा १८८२ साली निवर्तले. पंचवार्तिककार भीष्माचार्यांच्या वाटेने सूत्रांचा अर्थ लावू पाहणाऱ्या अभ्यासकास त्यांच्या परिश्रमातून एक बोध घेता येतो. शब्दाची जात त्याच्या रूपावरून नव्हे, तर वाक्यातील कार्यावरून जाणावी; ती चुकली की सूत्राचा अर्थही चुकतो.